वरच्या चौकोनातलं अकरा नंबर

१२ सप्टेंबर
गुडघा : ६

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी ही वही हातात दिली आणि सांगितलं, रोज गुडघा किती दुखतो ते दहापैकी आकड्यात लिहा, खाली दिवसभरात काय केलंत तेही चार ओळींत लिहा. ऑपरेशनला पाच आठवडे झाले. मी म्हटलं, बाई, तीस वर्षं मी आकडेच लिहितोय, पण झाडांचे. स्वतःचा आकडा लिहायची ही पहिलीच वेळ. त्या हसल्या नाहीत. त्यांना रोज माझ्यासारखे वीस विनोदी गुडघे भेटत असणार.

मी वनखात्यात मोजणीदार आहे. आमच्या डोंगरावर पाच चौकोन आखलेले आहेत. प्रत्येकात छत्तीस झाडं, प्रत्येक झाडाला नंबराचा पत्रा. दर दोन वर्षांनी ऑक्टोबरात जायचं, छातीच्या उंचीवर टेप गुंडाळायची आणि घेर लिहायचा. या डोंगरावर मी बारा वर्षांपूर्वी बदलून आलो, माझ्या आधी इथे हे काम बाबा करायचे. त्यांनी घालून दिलेला नियम अजून चालतो. टेप धरणाऱ्याने आकडा मोठ्याने म्हणायचा, लिहिणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा आणि मगच कागदावर टाकायचा. दोन तोंडांतून गेल्याशिवाय आकडा खरा होत नाही, असं बाबा म्हणतात. लहानपणी आम्ही जिन्याच्या पायऱ्यासुद्धा अशाच मोजायचो.

चार ओळी सांगितल्या होत्या, पान भरलं. इतका बोलका मी घरातही नसतो.

२३ सप्टेंबर
गुडघा : ५

माझा मोजणीतला जोडीदार निवृत्त झाला. बारा वर्षं मी टेप धरली आणि त्याने लिहिलं. निरोपाच्या वेळी त्याने मला छातीची काठी दिली, म्हणजे किती उंचीवर टेप लावायची ते दाखवणारी काठी. साहेबांना विचारलं, नवीन माणूस कधी? साहेब म्हणाले, जागा भरणार नाहीत, तुम्ही अनुभवी आहात, एकट्याने करा. मी म्हटलं, आकडा परत कोण म्हणणार? ते म्हणाले, तुम्हीच म्हणा. खोलीत सगळे हसले. मीही हसलो.

९ ऑक्टोबर
गुडघा : ५

खालचे चारही चौकोन झाले. आकडा मीच म्हणायचा, मीच परत म्हणायचा. आधी लाज वाटली, नंतर सवय झाली. झाडं काही कोणाला सांगत नाहीत.

आता राहिला वरचा, खिंडीजवळचा. चार तासांची चढण आहे. खिंडीपलीकडे दुसरा देश सुरू होतो, पण जंगल तेच. आमची झाडं इकडच्या उतारावर, त्यांची तिकडच्या, मध्ये एक दगड रंगवून ठेवलाय. भाषाही तीच, ते लोक फक्त वाक्याचं शेपूट जरा ओढतात. करार असा की दोन्ही बाजूंनी खिंडीजवळच्या चौकोनांचे तक्ते एकमेकांना पाठवायचे. तिथून ते एका मोठ्या कार्यालयात जातात आणि जगातल्या सगळ्या जंगलांच्या बेरजेत पडतात. जगाच्या बेरजेत आमची छत्तीस झाडं. साहेबांना याचं फार हसू येतं. आपला डोंगर, आपली झाडं, पलीकडच्यांना काय करायचंय, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

तक्ता वीस तारखेला द्यायचाय.

१७ ऑक्टोबर
गुडघा : ७

वरचा चौकोन झाला. म्हणजे कागदावर झाला.

सकाळी बूट घालून निघालो होतो. पहिल्या वळणापर्यंत गेलो, गुडघ्यात कळ आली, दगडावर बसलो. पुढची चढण डोळ्यांसमोर आली आणि परत फिरलो. घरी येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर तक्ता पसरला. छापील कागदावर मागच्या वेळचा आकडा असतोच, शेजारी यंदाचा रकाना कोरा. तीस वर्षांत एवढं कळतं की जाड झाड दोन वर्षांत साधारण एक सेंटिमीटर वाढतं, बारीक असेल तर दोन. तेवढे घातले. दोन-तीन ठिकाणी अर्धा सेंटिमीटर घातला, म्हणजे खरं वाटेल. सगळीच वाढलेली दिसली तर संशय येतो, म्हणून एकोणतीस नंबरला मुद्दाम काहीच वाढ दिली नाही. अकरा नंबरला एक दिला.

सवयीने प्रत्येक आकडा दोनदा म्हणत होतो. बायको भाजी चिरत होती. म्हणाली, दुसरं कोण आलंय घरात? मग टेबलाकडे बघून म्हणाली, मी इथे भाजी चिरते, तुम्ही इथेच जंगल मोजा, बरं आहे.

यात कोणाचं नुकसान आहे असं मला वाटत नाही. आकडे जवळपास बरोबरच असणार. पुढच्या वेळी नीट जाऊन येईन.

१९ ऑक्टोबर
गुडघा : ७

बाबांचं कंबरेचं हाड मोडल्यापासून ते पुढच्या खोलीत खिडकीशी पडून असतात. मोजणीचा महिना आला की झाडांची चौकशी करतात, जशी दुसरे लोक नातवंडांची करतात. आज विचारलं, वरचं अकरा नंबर किती?

अकरा नंबर म्हणजे वीज पडलेलं झाड, अर्धं खोड काळं. मी म्हटलं, "एकशे बेचाळीस."

नेहमी ते आकडा परत म्हणतात. आज म्हणाले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. मग विचारलं, काठी लावली होतीस? मी हो म्हटलं. त्यांनी पडदा ओढून घ्यायला सांगितला, दिवसाउजेडी. वय झालं, आता आकडेही लक्षात राहत नसतील. झाड वाढतंय हे ऐकून बरं वाटलं असावं.

तक्ता एक दिवस आधीच पाठवला. साहेब खूश.

८ नोव्हेंबर
गुडघा : ६

पलीकडून पत्र आलं. तिकडच्या वनाधिकारी बाईंचं. या बाईंना मी दोनदा भेटलोय. उंच, कमी बोलणाऱ्या, खिशात सतत पेन्सिलीचा तुकडा. लिहितात की त्यांच्या रखवालदाराला दुर्बिणीतून आमच्या वरच्या चौकोनापाशी चार-पाच शेंडे तांबूस दिसले. उन्हाचा भास असेल, पण साल पोखरणारा भुंगाही असू शकतो. एकदा परत जाऊन पाहाल का? विशेषतः अकरा नंबर पाहा, कारण भुंगा आधी दुबळं झाड धरतो. भुंगा असला तरी घाबरायचं कारण नाही, थंडीत तो सालीखाली झोपलेला असतो, अख्खा हिवाळा हातात आहे, तेवढी झाडं पाडून सोलून काढली की वसंतात उडायला काही उरत नाही. आमच्याकडे बाराच माणसं आहेत. ती खिंडीकडे लावायची की पूर्वेला लाकडाच्या वखारीकडे, जिथे भुंगा दिसलाय, हे तुमच्या उत्तरावर ठरवते.

पत्र तीनदा वाचलं. शनिवारी जायचं ठरवलं.

१३ नोव्हेंबर
गुडघा : ८

शनिवारी बर्फ पडला. वाट बंद नव्हती, पण निसरडी होती. या गुडघ्याने कसं जाणार?

पलीकडे उत्तर धाडलं. "समक्ष पाहिलं. सर्व ठीक." दोनच वाक्यं. जास्त लिहिलं असतं तर हात अडखळला असता.

व्यायामवाल्या बाईंनी आज शेवटची तपासणी केली. वाकवलं, दाबलं, जिना चढायला लावला. म्हणाल्या, गुडघा उत्तम आहे, आता डोंगर चढा. मी वहीतले आकडे दाखवले. सहा, सात, आठ. त्यांनी वही चाळली आणि म्हणाल्या, हे दुखणं माझ्या शास्त्रातलं नाही. त्यांनी नीट तपासलंच नाही असं माझं मत आहे.

वही परत मागतील असं वाटलं होतं, मागितली नाही.

११ एप्रिल
गुडघा : ८

पाच महिने काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं म्हणायचं होतं, पण ते खरं नाही.

पलीकडच्या उतारावर भुंगा उतरलाय. साहेबांनी बातमी सांगितली. खिंडीखालचं जुनं जंगल, दोनशे वर्षांची झाडं, तीन उतार लाल पडत चाललेत. त्या जंगलाच्या पायथ्याशी त्यांचं गाव आहे. झाडं गेली की वरची माती आणि दगड धरून ठेवायला काही नाही, म्हणून गावातली वरची आळी रिकामी करताहेत. त्यांची बारा माणसं हिवाळाभर पूर्वेला वखारीजवळ झाडं सोलत होती. खिंडीकडे कोणी नव्हतं.

साहेब म्हणाले, नशीब, आपल्याकडे काही नाही, तुमचा तक्ता आहे. घरी येऊन जेवायला बसलो आणि उठलो. बायकोने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, गुडघा.

२९ एप्रिल
गुडघा : ९

दोन्ही देशांची समिती नेमली आहे, अध्यक्ष तिसऱ्याच देशातला. भुंगा आला कुठून ते ठरवायचं. साहेबांच्या मते उघड आहे. पूर्वेला त्यांची वखार, बाहेरून येणारं लाकूड तिथे उतरतं. ते नीट न तपासता आत घेतलं आणि भुंगा तिथून पसरला. म्हणजे पलीकडच्या बाईंचा हलगर्जीपणा. त्यांना पदावरून काढतील असं साहेब म्हणाले, आणि म्हणताना चहात बिस्किट बुडवत होते. आपली बाजू भक्कम आहे, कारण खिंडीकडून आला म्हणावं तर ऑक्टोबरात खिंडीतलं जंगल निरोगी होतं. तसा तक्ता आहे, नोव्हेंबरातलं उत्तर आहे, दोन्हीवर माझी सही आहे.

बोलायला तोंड उघडलं होतं, हे इथे लिहून ठेवतो. साहेबांनी बिस्किटाचा पुडा पुढे केला, मी एक घेतलं.

१६ मे
गुडघा : माहीत नाही

आज शेण खाल्लं. दुसरा शब्द सापडत नाही.

बैठक सीमेजवळच्या शाळेच्या दालनात होती. मुलांची बाकं भिंतीला लावून मध्ये लांब टेबल ठेवलं होतं. अध्यक्ष म्हातारे गृहस्थ, बरोबर दुभाष्या. त्यांच्या देशात समुद्र आणि वाळूच आहे, असं जंगलच नाही. साहेब माझ्या कानात म्हणाले, याला काय कळणार? पण अध्यक्षांनी सुरुवातीलाच साधं सांगितलं. "इथल्या जंगलांवरून जे ढग जातात त्यांची वाट आमच्याकडे बघतात. एवढ्या लांबून आम्हाला तुमची झाडं दिसत नाहीत. तुमच्या तक्त्यातूनच दिसतात." दुभाष्याने हे सांगितलं तेव्हा मी टेबलावरचे खिळे मोजत होतो.

मग साहेब उभे राहिले. हे आमचे मोजणीदार, तीस वर्षांची नोकरी, यांच्या आधी यांचे वडील, चाळीस वर्षांचे तक्ते, एका आकड्याची चूक नाही, गुडघ्याचं ऑपरेशन होऊनही हे वर गेले. टाळ्या वाजल्या. दोन-चारच वाजल्या, पण वाजल्या. जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. मी मान खाली घातली तर लोकांना तो विनय वाटला.

पलीकडच्या बाई उठल्या. त्यांच्या हातात आमच्या तक्त्याची प्रत होती, जुन्या तक्त्यांच्याही होत्या. त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले.

"तुम्ही स्वतः वर गेला होता ना?"

"हो," मी म्हटलं.

"आकडे दोघांनी म्हणून लिहिले?"

"पद्धतीप्रमाणे."

त्या थांबल्या. अजून काही विचारतील असं वाटलं. माझ्याकडे तशाच बघत राहिल्या, बाबा बघत होते तसंच. मग "ठीक आहे" म्हणून बसल्या. त्यांना काही कळलं नाही म्हणून जीव भांड्यात पडला. पुढच्या क्षणी त्याचीच शिसारी आली. निकाल तीन आठवड्यांनी आहे.

१७ मे

दिवसभर घराबाहेर पडलो नाही.

२१ मे
गुडघा : ९

वृत्तपत्रात बैठकीची बातमी आली, त्यात माझं कौतुक. बायकोने ती बाबांना वाचून दाखवली. तिने मुद्दाम वाचली असं आता वाटतंय. बाबांनी मला बोलावलं आणि जुना पेटारा उघडायला लावला. त्यात त्यांच्या हातच्या तक्त्यांच्या नकला आहेत. म्हणाले, अकरा नंबर वाच, वीज पडली त्या वर्षापासून.

मी वाचत गेलो. एकशे एक्केचाळीस. एकशे एक्केचाळीस. एकशे एक्केचाळीस. त्यांच्या निवृत्तीपर्यंत तोच आकडा. मग माझे तक्ते काढायला लावले. माझ्याही वेळी सहा वेळा तोच. बारा वर्षं मीच टेप धरून हा आकडा मोठ्याने म्हणत होतो आणि एकदाही मला तो ऐकू आला नव्हता. त्या दिवशी टेबलावर मी शेजारचा एकच रकाना बघितला, त्यात एक मिळवला आणि पुढे गेलो.

"ते झाड वाढत नाही," बाबा म्हणाले. "वीस वर्षं झाली. तू वर गेला नव्हतास."

मी म्हटलं, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?

"मला वाटलं तू सांगशील. मग वाटलं, उद्या सांगशील. अशी सात महिने वाट बघितली." थोड्या वेळाने म्हणाले, "मीही दोषीच. एका माणसाने एकट्याने मोजायचं नसतं हे मला माहीत होतं."

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी तोंड फिरवलं. पेटारा बंद करताना कडी लागेना. बायकोने येऊन लावली. ती एवढंच म्हणाली, अहो, बूट जिन्याखाली आहेत.

२४ मे

पहाटे निघालो. चार तासांची चढण साडेतीन तासांत झाली. गुडघा दुखला नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण नाहीच दुखला.

पंचवीस झाडं मेलेली आहेत. अकरा नंबर सगळ्यांत आधी मेलं असणार, त्याची वरची साल ढिली होऊन खाली पडली आहे. आतल्या बाजूला भुंग्याने कोरलेल्या वाटा, मध्ये एक सरळ आणि तिला दोन्हीकडे फाटे. बाहेर पडल्याची भोकंही आहेत, टाचणीने टोचल्यासारखी, शेकडो. म्हणजे हिवाळाभर ते इथेच होते आणि वसंतात इथूनच उडाले. ऑक्टोबरात पाच झाडं असतील. पाच झाडं पाडायला दोन दिवस लागतात.

मी चौकोनाच्या पुढे, रंगवलेल्या दगडापर्यंत गेलो. तिथून त्यांचा उतार दिसतो. लाल आहे सगळा, खाली गावापर्यंत. दुर्बीण लावली तर वरच्या आळीतल्या एका घरासमोर लोक कपाट गाडीत चढवत होते. ते आत जात नव्हतं, म्हणून त्याची दारं काढत होते. मी बराच वेळ बघत बसलो. दगडाच्या या बाजूला बसून होतो, जसं काही त्याने फरक पडणार होता.

२६ मे

साहेबांना सगळं सांगितलं. आधी दार लावून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, हे तुम्ही मला सांगितलंच नाही असं समजू. तक्ता गेलाय, जगाच्या बेरजेत पडलाय, आता तो काढायचा म्हणजे देशाची नाचक्की. छत्तीस झाडं म्हणजे जंगल नव्हे. मी म्हटलं, त्या बाईंची नोकरी जाईल. ते म्हणाले, त्या आपल्या कर्मचारी नाहीत. पंधरा दिवस रजा घ्या, गुडघ्याकडे बघा.

लेखी दिलं तेही त्यांनी घेतलं नाही. कागद माझ्याच खिशात घालून पाठीवर थाप मारली. माणूस वाईट नाही. मला जे ऐकायचं होतं तेच तो बोलत होता, म्हणून जास्त भीती वाटली.

३ जून

चार दिवस वही माझ्याकडे नव्हती, आज समितीने नकलून परत पाठवली. त्याचं कारण लिहितो.

तीस मेला खिंड ओलांडून पलीकडे गेलो. सीमेवरच्या शिपायाने कामाचं स्वरूप विचारलं, मी म्हटलं, मोजणी. बाईंचं कार्यालय म्हणजे दोन खोल्या, एका खोलीत रिकाम्या केलेल्या घरांतलं सामान रचलेलं. त्यांनी खुर्ची दिली, त्या खुर्चीवरून आधी कोणाची तरी पितळी भांडी खाली ठेवावी लागली.

मी बोललो. ठरवलेलं सगळं विसरलो आणि उलटसुलट बोललो, आधी भुंगा, मग गुडघा, मग टेबल. बाईंनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी मी ही वही पुढे केली आणि म्हटलं, सतरा ऑक्टोबरचं पान पाहा, तेरा नोव्हेंबरचंही पाहा. माझ्या हातचं, त्या त्या दिवशी लिहिलेलं. समितीपुढे माझ्या शब्दापेक्षा हे बरं.

त्यांनी वाचलं. मग सुरुवातीपासून वाचलं. मला उठून जावंसं वाटत होतं. पान उलटताना त्या एकदा थांबल्या, बहुतेक बिस्किटाच्या जागी.

"एकशे बेचाळीस बघूनच मला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "पण एका सेंटिमीटरवर कोण विश्वास ठेवणार? टेपची चूक म्हणाले असते. म्हणून समोर विचारलं. तुम्ही हो म्हणालात."

मी माफ करा म्हटलं. त्यांनी पेन्सिलीचा तुकडा काढला, परत खिशात घातला.

"राग नाही असं मी म्हणणार नाही. माझ्या आजोबांनी लावलेली झाडं होती त्यात. पण आत्ता रागाला वेळ नाही. वही ठेवून जा. आणि चौकोन परत मोजायला हवा, खरा. जोडीदार आहे का तुमच्याकडे?"

मी नाही म्हटलं.

"मग मी येते," त्या म्हणाल्या.

८ जून

समितीने वहीची नक्कल तपासली. बाईंच्या विरोधातला ठपका मागे घेतला. मला निलंबित केलंय, चौकशी होईल. साहेब वाटेत भेटले तर रस्ता ओलांडून गेले. वृत्तपत्रात पुन्हा आलं, या वेळी पहिल्या पानावर. ते ठीकच आहे. लाल उतार हिरवा होणार नाही, यातलं काहीही झालं तरी. वरची आळी कायमची रिकामी करायचं ठरलंय, एकतीस घरं.

अध्यक्षांच्या कार्यालयाने लिहिलंय की दुरुस्त तक्ता लवकर द्यावा, त्या आकड्यावरून खिंडीच्या दोन्ही बाजूंना पुढची झाडं कुठवर पाडायची हे ठरेल. निलंबित माणसाने मोजलेलं चालेल का, असं मी बाईंना विचारलं होतं. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं, मी सोबत असेन तर चालेल.

११ जून

आज दोघांनी चौकोन मोजला. बाईंनी टेप धरली, मी लिहिलं. त्या आकडा म्हणायच्या, मी परत म्हणायचो. कामाशिवाय एक शब्द नाही. एकोणतीस नंबर दीड सेंटिमीटर वाढलंय आणि जिवंत आहे, ज्याला मी काहीच दिलं नव्हतं ते. दुपारी दगडावर बसून दोघांनी आपापला डबा खाल्ला. निघताना बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षीही मोजावं लागेल, दोन वर्षं थांबून चालणार नाही. कोण मोजेल ते त्या बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

संध्याकाळच्या आत घरी आलो. बाबा जागे होते, खिडकीचा पडदा उघडा. मी खुर्ची ओढून पलंगाशी बसलो. त्यांनी विचारलं नाही. मीच तक्ता काढला आणि एक नंबरपासून वाचायला लागलो.

"एक. अठ्ठ्याण्णव. मेलेलं."

बाबा छताकडे बघत होते. मला वाटलं, ऐकत नाहीत. मी पुढे वाचत गेलो, दोन, तीन, चार. बायको दाराशी येऊन उभी राहिली. दहा झालं. आकडा मोठ्याने म्हणायचा असतो.

"अकरा. एकशे एक्केचाळीस. मेलेलं."

मग बाबांनी मान माझ्याकडे वळवली.

"अकरा," ते म्हणाले. "एकशे एक्केचाळीस. मेलेलं." आणि हात हलवून म्हणाले, "परत पहिल्यापासून वाच. दहा माझी म्हणायची राहिली."